मधलं लाकूड

९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र ऑक्टोबरात आलं, उत्तर आज लिहितोय. मधल्या चार महिन्यांत मला वेळ नव्हता असा एकही दिवस गेला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तू ते शोधत बसणार नाहीस. पत्र पिशवीत होतं, पिशवी खुंटीवर होती, आणि मी रोज खुंटीकडे बघून उद्या लिहू म्हणायचो. मग खुंटीच निघून आली. पिशवी खाली पडली, पत्र बाहेर आलं. आता काय करतोस?

मी सध्या फळं भरायच्या शेडमध्ये आहे. लांबच लांब पत्रा, खाली चार टेबलं, टेबलांना भोकं. फळ ज्या भोकातून पडेल त्या आकाराच्या पेटीत ते जातं. कामात डोकं लागत नाही, म्हणून माझं बरं चाललंय. इथे एक म्हातारा आहे, तो पेटीवर बोटानं टकटक करून सांगतो की आत किती फळं नासलेली आहेत. आम्ही त्याला फसवायला एकदा पेटीत मुकादमाचा बूट ठेवला. त्यानं टकटक केलं, जरा थांबला आणि म्हणाला, हे फळ कुणीतरी पायात घालून आलंय. दिवसभर हसत होतो. पण त्याचं ऐकता ऐकता माझ्याच दोन पेट्या चुकीच्या गेल्या, मग मुकादमानं मला खिळे ठोकायला लावलं. खिळे ठोकायलाही मजा येते, दोन दिवस.

तू लिहिलंस ते वाचलं होतं, तेव्हाच. मी घर सोडलं त्याच सकाळी नाव वाहून गेली, काकानं सहा महिने खपून केलेल्या शाळेच्या चौकटी तिच्यात भरून ठेवलेल्या होत्या त्या सगळ्या गेल्या, आणि काका म्हणतो की बाबांनी नाव नीट बांधली नव्हती. वाईट वाटलं. चौकटी छान झाल्या होत्या. मी तर त्या दिवशी वरच्या पुलावरून चालत गेलो, आठ किलोमीटर, त्यामुळे मला यातलं काही दिसलं नाही.

पण त्यासाठी दोघा भावांनी बोलणं टाकावं का? तू त्यांची बहीण आहेस, तू सांग ना. नाव मिळाली का पुढे? बाबांची तब्येत?

कागद संपला. पत्ता मागे आहे, पण पेट्यांचा मोसम मार्चमध्ये संपतो.

डाव्या

*

२४ फेब्रुवारी

डाव्या,

पत्र मिळालं. एक पान फळांचं, एक पान टकटक करणाऱ्या म्हाताऱ्याचं, आणि बापाची चौकशी शेवटच्या ओळीत, तीही कागद संपत आला म्हणून मुंगीएवढ्या अक्षरात. असू दे. आली हेच पुष्कळ.

नाव मिळाली. तिसऱ्या दिवशी खालच्या खडकांत अडकलेली दादालाच, तुझ्या बापालाच, दिसली, आणि त्यानं एकट्यानं ओढून आणली. एक बाजू फुटली होती. धाकटा एवढा सुतार, पण हात लावायला आला नाही. दादानं स्वतःच फळ्या मारल्या. दिसते ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारखी, पण तरते. धाकटा तिच्यात बसत नाही. पलीकडे काम असलं की वरच्या पुलावरून जातो, गुडघे धरून परत येतो.

बोलणं टाकू नका असं तू सांग म्हणतोस. आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, बसवतात. तुला आठवत नसेल, कारण लोक दोरावर बसले की तू मागच्या भिंतीवर सरडे मोजत असायचास. म्हणून लिहिते. भांडणारे दोघे आपापल्या घरचा वाख, दोर वळायचे धागे, आणतात. अंगणाच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. पहिल्या दिवशी प्रत्येकानं एकदाच सांगायचं, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. त्यानंतर दोर पुरा होईपर्यंत तीनच शब्द बोलायचे: ओढ, सोड, थांब. मध्ये मी, मधलं लाकूड धरून. लाकडाच्या तीन खाचांतून तीन पेड जातात आणि मी चालेन तसा मागे दोर होत जातो. दोघांनी सारखं ओढलं तरच होतो. झाला की मी तो तळहातातून काढते. कुठे ढिलाई लागली की उसवायचा आणि पहिल्यापासून. नीट झाला की तोच नदीवर आडवा लावायचा, आणि नावेतून त्याला धरून पहिल्यांदा त्या दोघांनीच पलीकडे जायचं. भांडण मिटलं.

आपल्या नदीवर आजवर जेवढे दोर लागले ते असेच. शेळीचा दोर, भिंतीचा दोर, मोडलेल्या लग्नाचा दोर. एका वर्षी गावात भांडणच झालं नाही, तेव्हा दोर हवा म्हणून तुझ्या आजोबांना आणि कुंभाराला कोंबड्यावरून भांडायला लावलं होतं. दोघांना हसू आवरेना. तो दोर सगळ्यांत लवकर तुटला.

तर दादा आणि धाकटा बसले. दादानं सांगितलं, मी संध्याकाळी नाव बांधली, माझ्या हातानं. धाकट्यानं सांगितलं, सकाळी काठावरच्या खुंटाला दोरी होती, तिचं नावेकडचं टोक सुटून पाण्यात पडलं होतं. झालं. मग वळायला लागले. चौथ्या दिवशी मी दोर हातातून काढला आणि मलाच लाज वाटली. दादाची बाजू सगळी ढिली. उसवला. परत बसवले. परत तेच. दोनदा झालं.

आता धाकट्यानं काय केलंय ते ऐक. पलीकडच्या कोर्टात अर्ज दिलाय. आपल्या अकरा घरांतलं भांडण आजवर नदी ओलांडून गेलं नव्हतं. तिथे आपली बोली येणारा एक माणूस नाही. अर्ज लिहिणाऱ्यानं त्याला विचारलं, प्रतिवादी कोण? याला कळेना. तीनदा समजावल्यावर हा म्हणाला, प्रतिवादी कुठला, माझा दादा आहे. मग त्यानं दादाचं नाव प्रतिवादीच्या रकान्यात घातलं. सांगताना रडला. पण अर्ज मागे घेत नाही. तारीख सहा मे आहे.

जुना दोर यंदाचं पाणी सोसणार नाही. मेअखेर पाणी चढतं. तोवर या दोघांचा दोर झाला नाही, तर नाव काठावर आणि दादा घरात.

तो तसाही गप्पच असतो. खिशात दोरीचा एक तुकडा ठेवतो, संध्याकाळी पायरीवर बसून बोटांनी चाचपत राहतो. विचारलं तर खिशात घालतो. म्हातारपण.

मी थकले आहे रे. लाकूड धरून बोटं वळत नाहीत.

आत्या

*

३० मार्च

आत्या,

यावेळी पत्र मिळून महिनाही झाला नाही, बघ. वळण लागतंय.

मोसम संपला. तिथून मी समुद्राकडे जायला निघालो होतो. बसमध्ये एक बाई शेजारी बसल्या, मांडीवर दहा-बारा चादरींचा गठ्ठा. गाडी वळली की गठ्ठा माझ्या अंगावर यायचा. शेवटी मीच तो धरून बसलो आणि त्या झोपल्या. त्यांचा स्टॉप आला तेव्हा गठ्ठा द्यायला खाली उतरलो, बस निघून गेली. तर आता मी त्यांच्या लाँड्रीत आहे. समुद्र राहिला.

हॉटेलांच्या आणि दवाखान्याच्या चादरी येतात. खालच्या मजल्यावर हौद आणि यंत्रं, बाजूला इस्त्रीचं टेबल, टेबलासमोर खिडकी, आणि खिडकीबाहेर वाळत घालायचं अंगण. अंगण एवढं लांब आहे की मला पहिल्या दिवशी तेच सुचलं, इथे दोर मस्त वळता येईल. चादरीची घडी घालायला दोघं लागतात. एका टोकाला मी, एका टोकाला मालकीणबाई. त्या सारख्या म्हणतात, तू ढिली धरतोस. मी म्हणतो, तुम्ही फार ओढता. मग त्या त्यांचं टोक सोडून देतात आणि मी मागच्या टोपलीत पडतो. स्वभावानं चांगल्या आहेत.

कोर्टाचं वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही. काका असं करेल असं वाटलं नव्हतं. मला एक वाटतं. बाबांनी सरळ म्हणून टाकावं की हो, गाठ सैल राहिली असेल, वय झालं, चुकलं. काकाला तेवढंच हवं असणार. एवढ्यासाठी अडून कशाला बसायचं?

नाहीतर दोघांऐवजी दुसऱ्या कुणाचं तरी भांडण काढा आणि त्यांचा दोर लावा. कुंभाराच्या घरात कुणी नाही का भांडण्यासारखं?

आणखी एक विचारायचं होतं. बाबांच्या खिशातला तो तुकडा. त्याला गाठ आहे का? असली तर कशी आहे, एवढं बघून लिही. सहज विचारतोय.

इथे पत्र लवकर पोचतं म्हणतात.

डाव्या

*

११ एप्रिल

डाव्या,

तुझा सल्ला दादाला सांगितला नाही. चाळीस वर्षं नाव चालवणाऱ्या माणसानं म्हणायचं की माझी गाठ सुटली? तू एका टेबलावर चार महिने टिकत नाहीस आणि दुसऱ्याच्या चाळीस वर्षांचं वाटप करतोस.

आणि कुंभाराचा मुलगा शहरात गेला. त्याच्या घरात म्हातारी आणि मांजर. भांडायला माणसं लागतात, तीही पुरेशी राहिली नाहीत. परवा वाख भिजवायला सगळी घरं आली तेव्हा मोजली, हात लावू शकतील अशी चौदा माणसं. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसरा दोर सोमवारी उसवला. यावेळी दादाला मी नियम मोडून बोलले, म्हटलं, ओढायला ताकद नाही का तुझ्यात? तर म्हणाला, ताकद आहे. एवढंच. धाकट्यानं हातातला वाख खाली टाकला. मग मला विहिरीपाशी गाठलं. म्हणाला, आक्का, चौकटी गेल्या त्या गेल्या, मी परत करीन. पण हा काहीतरी गिळून बसलाय. लहानपणापासून त्याचं तोंड बघतोय, मला कळत नाही का? माझ्यासमोर बसून माझ्यापासून लपवतो, मग मी त्याच्यासोबत दोर कसा वळू? कोर्टात शपथ घालतात म्हणे. तिथे तरी बोलेल.

मी म्हटलं, तुझा भ्रम आहे. मला वाटतं दादाचं डोकं आणि हात दोन्ही थकत चाललेत. तू विचारलेल्या तुकड्यावरूनच सांगते. तो झोपला असताना दुपारी सदरा धुवायला घेतला, खिशातून काढून पाहिला. त्याला गाठ आहे, मोठी, नाव बांधायची असते तशीच दोन वेढ्यांची. पण उलटी. उजवीकडून यायचा वेढा डावीकडून आलेला. ज्यानं अख्ख्या गावाला ती गाठ शिकवली त्याला आता ती सरळ घालता येत नाही. मला इतकं वाईट वाटलं की तसाच परत ठेवला.

त्याला हे कळत असेल, म्हणून घट्ट ओढत नसेल. म्हणून बोलत नसेल. कुणाला सांगू नकोस.

आत्या

*

२० एप्रिल

आत्या,

बाबांचं डोकं शाबूत आहे. हातही. ती गाठ त्यांची नाही, माझी आहे.

मी सहा वर्षांचा असताना बाबांनी मला ती शिकवली. मला समोर बसवून. आरशात बघावं तसं मी त्यांचं बघून केलं, त्यांचा उजवा तो माझा डावा. गाठ बसली, पण उलटी. बाबांनी दोन-तीनदा सोडवून दाखवली, मग हसले आणि म्हणाले, राहू दे, धरते ना. तेव्हापासून तुम्ही मला डाव्या म्हणता. सगळ्यांना वाटतं मी डावखुरा आहे म्हणून. मी उजव्यानंच लिहितो, तुला माहीत आहे. सरड्यांमुळे दोरावर बसलेले दिसले नाहीत, पण हे मला आठवतं.

त्या सकाळी मी पुलावरून गेलो नाही. निघालो होतो पुलाकडेच. उजाडलं होतं. पलीकडच्या रस्त्यावर एक ट्रक थांबलेला दिसला, त्यात लाकडी घोडे भरलेले, जत्रेतल्या चक्रावरचे असतात तसे, रंगवलेले, एकमेकांच्या मानेवर माना टाकून. मला ते जवळून बघायचे होते. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर मी कधीच लिहिलं असतं.

नाव खुंटाला बांधलेली होती. खुंटाकडची बाबांची गाठ भिजून दगड झाली होती, ती निघेना. म्हणून नावेच्या कडीकडची सोडली, ती दोरी खुंटालाच राहिली. ताडपत्रीखाली चौकटी आहेत हे मला माहीत होतं. मी त्यांच्यावर बसूनच पलीकडे गेलो. नावेत दोरीचा तुकडा पडलेला होता, तो कडीला बांधला, माझ्या गाठीनं, नीट. दुसरं टोक पलीकडच्या खुंटाला टाकलं तोवर ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं. एक वेढा दिला आणि पळालो. एकच.

ट्रकवाल्यानं बसवून घेतलं. मी मागे घोड्यांत बसलो. वळणावरून नदी दिसते, तिथून मी मागे वळून पाहिलंही नाही. तुझं पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पत्र आलं त्या क्षणी ठाऊक झालं. त्यानंतरचे चार महिने तू मोजलेले आहेस.

बाबांना नाव मिळाली तेव्हा कडीला तो तुकडा असणार. त्यांनी तो सोडून खिशात घातला. म्हणजे तिसऱ्या दिवसापासून त्यांना माहीत आहे. दोरावर बसून त्यांनी सांगितलं ते खरं होतं, त्यांनी नाव बांधलीच होती. पण काकाची बाजू खरी नाही हे माहीत असताना आणि स्वतःचं सगळं सांगता येत नसताना ते ओढणार कसे? मला वाटतं म्हणूनच बाजू ढिली येत होती. काकाला बरोबर कळलं होतं.

ते का बोलले नाहीत ते मात्र मला कळत नाही. माझ्यावर एवढी माया असल्यासारखं ते कधी वागले नाहीत.

हे पत्र तू दोरावर वाच. सगळ्यांसमोर. सहा तारखेच्या आत.

डाव्या

*

४ मे

डाव्या,

वाचलं. काल सकाळी, अंगणात, चौदाच्या चौदा माणसं असताना. तुझं अक्षर वाईट आहे, त्यामुळे थांबत थांबत वाचावं लागलं आणि ते जास्तच लांबलं. घोड्यांचं वाचलं तेव्हा कुंभाराची म्हातारी हसली, मग तिनं तोंडावर पदर घेतला.

वाचून झाल्यावर दादानं खिशातून तुकडा काढला आणि उठून धाकट्याच्या पुढ्यात ठेवला. परत आपल्या टोकाला जाऊन बसला. धाकट्यानं तो हातात घेऊन गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आठ महिने मी तुझ्याशी नावेवरून भांडतोय दादा. हे सांगितलं असतंस तर एका संध्याकाळचं भांडण होतं."

दादा म्हणाला, "पोराचं नाव दोरावर घेतलं की त्याला येऊन बसावं लागतं. नाही आला तर त्याला नावेत घ्यायचं नाही, हे आपलंच आहे ना? मी त्याला ओळखतो. तो उद्या येतो म्हणाला असता. मग मलाच काठावर उभं राहून त्याला नाही म्हणावं लागलं असतं."

  तुझ्या बापाला मी गेले तीन महिने म्हातारा, खुळा समजत होते, ते त्याच्यासमोर बसून गिळलं.

धाकटा उठला. कोट घेतला आणि गेला. मी म्हटलं, कुठे? त्यानं मागे बघितलं नाही. तारीख परवा आहे. आता प्रतिवादीच्या रकान्यात तुझं नाव घालायला गेला असेल. त्याला तरी काय म्हणू? चौकटी त्याच्या, गुडघे त्याचे, आठ महिने त्याचे. दादा त्याच्या मागोमाग नदीकडे गेला. तासाभरानं एकटाच परत आला, आणि नावेत साचलेलं पाणी उपसत बसला.  पण आता खिशाकडे हात जात नाही एवढं खरं.

आता तुझं ऐक. तुझं नाव दोरावर घेतलं गेलंय, आणि तूच घेतलंयस. त्याबद्दल तुला शाबासकी देईन, पण समोर आल्यावर. भांडण आता तुझं आणि धाकट्याचं आहे. पाणी चढायच्या आत येऊन बस. नाही आलास तर दादाला तेच करावं लागेल ज्याच्यासाठी तो आठ महिने तोंड बांधून बसला. मी तुला ये म्हणून आणखी लिहिणार नाही. माझ्या बोटांना आता पेनही जड होतं.

आत्या

ता.क. कालपासून मधलं लाकूड सापडत नाहीये. सगळं घर उलथंपालथं केलं. माझंही डोकं चाललंय बहुतेक.

*

९ मे

आत्या,

तुझं पत्र आत्ता सकाळी आलं आणि उत्तर आत्ताच लिहितोय, इस्त्रीच्या टेबलावर, शेजारी दवाखान्याच्या दोनशे चादरी आहेत. बघ, एक दिवससुद्धा घालवला नाही.

मी येतोय. हे आधी लिहितो. सोमवारी निघतो. सोमवारी नाही जमलं तर बुधवारी नक्की, कारण मंगळवारी मोठा गठ्ठा येतो आणि मालकीणबाईंचं मनगट दुखावलंय, त्यांच्या समोरचं टोक धरायला दुसरं कुणी नाही. बुधवारची बस सुद्धा बरी असते, सरळ जाते. मी त्यांना सांगितलंही की मला घरी जायचंय. त्या म्हणाल्या, तू समुद्राला जायचंय असंही म्हणाला होतास.

खरं सांगू का. मी सोमवार असं लिहिलं आणि माझ्याच डोळ्यांसमोर खुंटी आली. बाबा मला बरोबर ओळखतात. माझ्या मनात काल हेही येऊन गेलं की पाणी कदाचित यंदा उशिरा चढेल. मी इथल्या नळाखाली हात धुताना उभ्या उभ्या हा विचार करत होतो, नळ चालू. मला काकाची भीती वाटते असं नाही. तो मारणार नाही. तो त्याच्या टोकाला बसेल, मी माझ्या टोकाला बसेन, आणि त्याला मला फक्त ओढ, सोड, थांब एवढंच म्हणता येईल. चार दिवस. मला चार दिवस एका जागी बसता येत नाही आत्या, हे तू सगळ्यांत चांगलं जाणतेस. दोर ढिला आला आणि तू तो हातातून काढलास तर? बाबांची ढिलाई निदान कशासाठी तरी होती.

काका कोर्टात गेला असेल तर मी तिथे पण येईन. रकान्यात माझं नाव घालू दे. त्यांना आपली बोली समजत नसली तर मी समजावून

थांब. मालकीणबाई बाहेरून हाक मारतायत. म्हणतायत, डाव्या, अंगणात कुणीतरी माणूस शिरलाय, काय बोलतोय ते कळत नाही, चोर दिसत नाही पण चादरी बाजूला सारतोय.

आत्या, काका आहे.

मी खिडकीतून बघतोय, त्याला मी दिसत नाहीये. तोच कोट. पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. खांद्यावर वाखाच्या दोन मोळ्या आहेत, दोन, एक नाही. एक साधी आवळलेली. दुसरी माझ्या वाटची, तिला बाबांची गाठ आहे, सरळ, दोन वेढ्यांची, इथून सुद्धा ओळखू येते. म्हणजे बाबांनीच त्याला नावेतून पलीकडे सोडलं. म्हणजे तो नावेत बसला.

अंगणाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत तो पावलं टाकत आलाय, ओठ हलवत, मोजत. मी तुला अंगण लांब आहे लिहिलं होतं, ते तू त्यांना वाचून दाखवलं असणार. आता मालकीणबाईंपाशी जाऊन उभा राहिला. पिशवीतून काहीतरी काढतोय, शिक्क्याच्या कागदात गुंडाळलेलं, कोर्टातून परत घेतलेला अर्जच असणार. कागद उलगडून त्यानं खिशात कोंबला. आत तीन खाचांचं लाकूड आहे. तुझं घर पुन्हा लावून ठेव, तुझं डोकं ठीक आहे.

लाकूड त्यानं मालकीणबाईंच्या हातात दिलं. त्या ते उलटं धरून उभ्या आहेत आणि खिडकीकडे बघतायत. काका खाली बसला, मोळी सोडली, आणि समोरच्या टोकाकडे बोट दाखवतोय. तिथे कुणी नाही.

जातो.